कोणालाच नको असलेली करवत

दुपारी चारच्या सुमारास वारा एकदम पडला आणि गल्लीतल्या सगळ्या बायका एकाच वेळी आपापल्या गच्चीवर दिसल्या. इकडे चैत्र-वैशाखात हे असंच असतं. दिवसभर अंगाला चिकटणारा उकाडा, मग पानही हलेनासं होतं, वायव्येकडून जांभळट काळं आभाळ चढायला लागतं आणि पाच मिनिटांत कोलकात्याच्या या साऱ्या बेहाला भागातली दारं-खिडक्या आपटायला लागतात. आपल्याकडच्या वळवाचाच हा भाऊ, पण जरा तापट डोक्याचा. बंगाली लोक त्याला कालबैशाखी म्हणतात आणि त्याला शिव्या देत देत त्याची वाटही बघतात. मी वाळलेले कपडे काढून आणले, खिडक्या लावल्या, चहा टाकला आणि व्हरांड्यात येऊन बसले. अर्धा कप संपल्यावर माझ्या लक्षात आलं, की बाहेर वादळ चालू आहे आणि मी चहा पितेय. दोन वर्षांपूर्वी हे मला जमलं नसतं.

त्या वर्षीचा वैशाख मला वासाने आठवतो. पेट्रोल आणि ऑइल यांचा मिळून एक वास होतो, स्कूटर दुरुस्तीच्या दुकानात येतो तसा. तो आमच्या पडद्यांना येत होता, ह्यांच्या सदऱ्याला येत होता. मी कैऱ्या उकडून पन्हं करायला घ्यायची, गूळ घालायची, वेलची कुटायची, आणि पहिल्या घोटाला नाकात पेट्रोलच. अजूनही ऑटो पेट्रोल भरायला थांबली की मला पन्ह्याची आठवण येते. हे मी कोणाला सांगत नाही, कारण लोक डॉक्टरचा पत्ता देतील.

आम्ही कोलकात्याला बदलीवर आलो आणि राहूनच गेलो. हे केंद्र सरकारच्या नोकरीत, माल तपासणारे अधिकारी. फौजेसाठी येणाऱ्या घोंगड्या, कंदील, दोरखंड, बुटांचे तळवे, सगळं ओढून, ताणून, भिजवून बघायचं आणि खाली मंजूर की नामंजूर ते लिहायचं. आधी फोर्ट विल्यमला, मग बराकपूरला. निवृत्तीनंतर पुण्याला जाऊ म्हणता म्हणता बेहालातलं हे बैठं घर घेतलं, कारण मागे अंगण होतं आणि अंगणात गुलमोहर होता. नोकरी सुटली तरी तपासणी सुटली नाही. नवा कुकर घ्यायला गेलो तेव्हा ह्यांनी दुकानदाराकडून आधी तीन शिट्ट्या वाजवून घेतल्या. लेकीला बघायला आलेल्या मुलाला इतकं खोदून खोदून विचारलं, की त्यानेच शेवटी दमून विचारलं, "काका, मी पास झालो का?" मला त्या वेळी ह्यांचा फार राग यायचा. चारचौघांत मान खाली जायची.

मग एका डिसेंबरात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. सौम्य, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांचं सौम्य आणि आपलं सौम्य यात फार अंतर असतं. बोलणं परत आलं, पाय परत आला, उजवा हात मात्र रेंगाळला, त्यातही अंगठा. पण मला खरी भीती वाटत होती ती अंगठ्याची नाही. त्यांना काही हवंसं वाटेनासं झालं होतं. टीव्ही लावला की तेच चॅनल दिवसभर. खुर्ची जिथे ठेवावी तिथे बसणार. एकदा केळीवाल्याने आमच्या दारात डागाळलेली केळी मला दिली. ह्यांनी ती बघितली आणि काहीही बोलले नाहीत. त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

अशात चैत्रातलं पहिलं वादळ आलं आणि गुलमोहर कलला. पडला नाही, कललाच. एका बाजूची मुळं माती घेऊन वर आली आणि खोड कुंपणाच्या भिंतीवर रेललं. भिंतीपलीकडे माशीमांची खोली होती, पत्र्याच्या छपराची. माशीमा म्हणजे आमच्या शेजारच्या आजी, ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांना मी म्हटलं, तुम्ही आमच्याकडे या काही दिवस. तर पान जुळवत म्हणाल्या, "ओ गाछ आमाके चेने, शोइला." ते झाड मला ओळखतं, शैला. एवढ्या वर्षांची ओळख असलेलं झाड अंगावर पडणार नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता. मला तो मान्य नव्हता. दर दुपारी वारा पडला की मी व्हरांड्यात उभी राहून त्या खोडाकडे बघत बसायची, जणू माझ्या बघण्यानेच ते तोललं गेलं आहे.

पालिकेकडून तोडायची परवानगी आली, पण माणसं मिळेनात. वादळाने रस्त्यावरची झाडं पाडली होती, ती आधी उचलणार, आणि ते योग्यच होतं. खासगी झाडं तोडणारे महिनाभर अडकलेले. बाहेर एवढी पळापळ चाललेली, पण हे खुर्चीतच. झाडाकडेही बघत नव्हते.

व्यायामाच्या डॉक्टरांकडून परत येताना एक दिवस आमची ऑटो मुख्य रस्त्याला कोंडीत थांबली. शेजारी गोरांगबाबूंचं दुकान होतं. पंप, जनरेटर, गवत कापायची यंत्रं असं काय काय दुरुस्त करणारे हे साठीचे गृहस्थ. त्यांच्या फळीवर वरच्या बाजूला एक चेनसॉ होती. साखळीची यांत्रिक करवत, झाडं कापतात ती. मूळची केशरी असावी, आता फिकट झालेली. हे ऑटोतून वाकून तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "शैला, उतरू या." चार महिन्यांत त्यांनी आपणहून व्यक्त केलेली ही पहिली इच्छा.

गोरांगबाबू विकणारे कमी आणि खरं बोलणारे जास्त. हिंदी-बंगालीची खिचडी करत म्हणाले, "दादा, ही कोणी घेत नाही. आठ वर्षं पडून आहे. चहाच्या मळ्यावरून आली."

"का घेत नाही?"

"जड आहे. आणि तेलाची भानगड आहे. नव्या मशिनी साखळीला आपोआप तेल पाजतात. हिला नाही ते. मागच्या मुठीवर हे बटण आहे, ते उजव्या अंगठ्याने दर चार-पाच सेकंदांनी दाबायचं. विसरलात की साखळी तापली, ती ज्यावर फिरते ती पट्टी जळली. लोक विसरतात. म्हणून हिचं नाव खराब झालं आणि कंपनीने बनवणंच सोडलं."

"आणि इंजिन?"

"इंजिन चोख आहे, दादा. खोटं कशाला बोलू?"

ह्यांनी डाव्या हाताने ती करवत चाचपली. मग प्रश्न सुरू झाले. पट्टी बदलली आहे का, साखळी कुठली बसते, हातापुढचा ब्रेक लागतो का, किती उघडून बघितली आहे. मी बोटांवर मोजत होते, बारा झाले. हे प्रश्न पुन्हा कधी ऐकायला मिळतील असं मला वाटलं नव्हतं. ऑटोवाला ओरडत होता आणि मला त्याला सांगावंसं वाटत होतं, थांब बाबा, जरा ऐकू दे.

घरी येता येता हे म्हणाले, झाड मीच कापीन, आणि माझा आनंद ओसरला. ज्या अंगठ्याला पेला धरता येत नाही, त्या अंगठ्यावर त्या यंत्राचं सगळं गाडं. हात सटकला तर? साखळी उसळून मांडीवर आली तर? नाही म्हणावं, तर हा माणूस पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसेल आणि या वेळी कदाचित उठणारच नाही. हो म्हणावं, तर मीच त्याला करवतीपुढे उभा करते. लेक बंगळूरहून फोनवर म्हणाली, "आई, तू बाबांना मना कर ना. हात ठीक नाही तर मशीन कशी पकडणार ते?" इथेच वाढलेल्या माझ्या मुलीची मराठी अशीच आहे. पण बोलत होती ते खरं होतं. मी म्हटलं, "बघते." बघते म्हणजे काय, ते मलाही माहीत नव्हतं.

मग मी जे केलं, त्याची मला आजही लाज वाटते आणि हसूही येतं. मी ह्यांच्या नकळत गोरांगबाबूंकडे गेले. कुणाकडे अडचणीचं बोलायचं तर रिकाम्या हाताने जायचं नाही, हे माझ्या आईने अंगात मुरवलेलं. म्हणून बेसनाचे लाडू वळले, डबा भरला आणि तो त्यांच्यापुढे ठेवून मी आपल्या पद्धतीने आडवळणाने सुरुवात केली. दादांची तब्येत अशी अशी, उजव्या हातात जोर नाही, एवढं जड ओझं त्यांना झेपायचं नाही. तुम्हीच काय ते समजून घ्या. पुढचं, म्हणजे 'करवत विकली गेली असं त्यांना सांगा', हे काही तोंडातून बाहेर पडेना. गोरांगबाबूंनी सगळं शांतपणे ऐकलं, लाडवांचा डबा विश्वकर्म्याच्या तसबिरीपुढे ठेवला, नमस्कार केला आणि म्हणाले, "बौदी, बुझेछि." वहिनी, समजलं मला. मी हलक्या मनाने घरी आले. बाईमाणसाच्या शब्दात वजन असतं, असंही वाटेत वाटून गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला दारात तीनचाकी सायकल-व्हॅन थांबली. वर ती केशरी करवत, शेजारी गोरांगबाबू. या शहरात मिठाईचा डबा पुढे आला की सौदा पक्का समजतात. आणि दादांच्या हातात जोर नाही, ओझं झेपत नाही, म्हणून बिचारे स्वतः पोचवायला आले होते. वर मला म्हणाले, "बौदी, तुम्ही सांगितलंत म्हणून. नाहीतर दादा उगाच ओढत नेत बसले असते." माझा चेहरा कसा झाला असेल याची कल्पना करा.

पण त्यांनी साखळी आणली नव्हती. "धार लावायची आहे. शनिवारी झाड कापणाऱ्या निमाईला दादांच्या मदतीला घेऊन येतो, तेव्हा आणतो. तोवर दादा बघू देत. पसंत पडली तर ठेवा, नाही तर मी आहेच." जाण्याआधी त्यांनी दोरी ओढून इंजिन सुरू करून दाखवलं. तिसऱ्या ओढीला ते असं गर्जलं, की माशीमा भिंतीपलीकडून विचारू लागल्या, मेट्रो अंगणातून न्यायची ठरली की काय. मी दिवस मोजले. सोमवार होता. शनिवारपर्यंत साखळी नाही, म्हणजे शनिवारपर्यंत धोका नाही.

त्या पाच दिवसांत घरात काय काय झालं. हे पहाटे उठायला लागले. पंचा गुंडाळून व्हरांड्यात जुन्या वर्तमानपत्रांवर ती करवत मांडायची, डाव्या हाताने एकेक स्क्रू सोडवायचा, पुसायचा, पुन्हा लावायचा. जेवायला हाक मारली तर "येतो गं" म्हणायचे आणि यायचे नाहीत. ही माझी जुनी तक्रार, आणि ती परत आल्याचा मला केवढा आनंद झाला. एकदा मला हाक मारून म्हणाले, "हे बघ, ही जाळी. इतक्या वर्षांत कोणी काढलेलीच नाही." त्यांच्या आवाजात राग होता. असा राग मी चार महिन्यांत ऐकला नव्हता. आनंदाने मी तिथेच उभी राहिले आणि दुसऱ्या क्षणी शनिवार आठवला. त्या आठवड्यात मला सुख आणि भीती अशी एकाच ताटात वाढलेली मिळत होती, आणि वेगळी काढता येत नव्हती.

बुधवारी आणखी एक वादळ झालं. गुलमोहर वीतभर खाली आला. त्याही अवस्थेत तो फुलत होता. माशीमांच्या पत्र्यावर लाल सडा पडला होता. फुलं मात्र मी त्या वर्षी बघितली नाहीत. मी फक्त खोड आणि भिंत यांच्यातली फट बघत होते.

गुरुवारी व्हरांडा झाडताना मला ती वर्तमानपत्रं सापडली. घडी करून, वार घालून, खुर्चीखाली ठेवलेली. प्रत्येकावर तेलाचे थेंब, ओळीत पडलेले. मला एकदम धीर आला. तेल गळतंय. म्हणजे यंत्रात खोट आहे, आणि खोट असलेला माल ह्या माणसाने जन्मात मंजूर केलेला नाही. मी देवापुढे नुसता दिवाच लावला नाही, तर शिराही केला. ह्यांनी विचारलं, "आज काय आहे?" मी म्हटलं, "गुरुवार."

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी मला वही-पेन घेऊन बोलावलं. "अहवाल लिहायचाय. माझा हात चालत नाही, तू लिही. मराठीतच लिही." आयुष्यभर इंग्रजीत लिहिलेलं, पण माझ्यासाठी मराठी. मी समोर बसले. ते खिडकीबाहेर झाडाकडे बघत सांगत गेले.

"रंग उडालेला. कामावर परिणाम नाही. लिही. इंजिन, समाधानकारक. ब्रेक, समाधानकारक. वजन जास्त, परंतु तोल चांगला. पट्टी सरळ, झीज किरकोळ. तेलाचा पंप, गळती नाही, समाधानकारक."

माझं पेन थांबलं. "गळती नाही? मग कागदावरचे ते थेंब?"

"त्यावरच येतोय. लिहीत राहा. तेलाचे बटण. रोज सकाळी उजव्या अंगठ्याने वीस वेळा दाबून पाहिले. पडलेले थेंब कागदावर घेतले. मंगळवारी नऊ. बुधवारी अकरा. गुरुवारी दहा. आज अकरा. डाव्या अंगठ्याने वीसपैकी वीस."

मी लिहीत होते.

"उजव्या अंगठ्याच्या उरलेल्या वेळी," ते म्हणाले, "चालकास बटण दाबल्यासारखे वाटले. प्रत्यक्षात दाबले गेले नव्हते."

मला वर बघायचं धैर्य झालं नाही. रोज पहाटे, मी उठायच्या आत, हा माणूस एकटा बसून आपला अंगठा तपासत होता आणि कागदावर न पडलेले थेंब मोजत होता. मी लाडू वळून, आडून आडून, लोकांकडे जाऊन जे सांगू पाहत होते, ते तो स्वतःला रोज वीसदा विचारत होता.

"निष्कर्ष," ते म्हणाले. "यंत्र मंजूर. चालक नामंजूर. लिहिलंस?"

"लिहितेय."

"नामंजूरच्या खाली रेघ मार. तशी पद्धत आहे."

रेघ मारली आणि मग मला रडू आवरलं नाही. इतकं मोकळं मी त्या डिसेंबरातही रडले नव्हते. सुटले बाई, एवढंच मनात येत होतं. त्यांनी वही माझ्याकडून काढून घेतली, ओली होऊ नये म्हणून, आणि डाव्या हाताने सही केली. त्या एका सहीला बराच वेळ लागला. मी डोळे पुसून लाडवांचं सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "माहीत आहे. सोमवारी गोरांगबाबूंनी मला त्यातलाच एक खायला दिला. बेसन जरा कमी भाजलं होतंस."

शनिवारी गोरांगबाबू साखळी घेऊन आले, बरोबर निमाई. निमाई लाकडाच्या वखारीतला, पंचविसेक वर्षं हेच काम केलेला. माशीमांना आम्ही सकाळीच पानाच्या डब्यासकट आमच्या घरात आणून बसवलं. झाड दोरांनी बांधलं गेलं. पण निमाईला सवय नव्या मशिनींची. पहिल्याच कापात तो बटण विसरला आणि पट्टीतून धूर निघाला. तेव्हा हे व्हरांड्याच्या कठड्याशी, त्याला समोर दिसतील असे उभे राहिले. निमाईला म्हणाले, "मी हात वर केला की दाब." मग कापाकापागणिक त्यांचा डावा हात वर, खाली, वर, खाली. डावा दमला तेव्हा त्यांनी उजवा लावला. तो छातीपर्यंतच आला. निमाईला तेवढा पुरला.

दुपार व्हायच्या आत गुलमोहर तुकड्यातुकड्याने उतरला. माशीमांच्या पत्र्यावर थोडी फुलं पडली, दुसरं काही पडलं नाही. माशीमा म्हणाल्या, आता माझ्या खोलीत ऊन येणार. त्या नंतर कितीतरी दिवस उन्हाबद्दल कुरकुरत होत्या आणि मला ती कुरकुर गाण्यासारखी गोड लागायची. मला झाडाचं वाईट वाटलं नाही असं नाही. पण त्या दिवशी वाईट वाटायला जागाच उरली नव्हती.

व्हॅनमध्ये करवत चढवताना गोरांगबाबूंनी तो अहवाल मागून घेतला. त्यांना मराठी येत नाही, म्हणून ह्यांनी वाचून, हिंदीत समजावून दिला. शेवटची ओळ ऐकून गोरांगबाबू म्हणाले, "दादा, माझ्याकडे दोन फळ्या भरून असली यंत्रं आहेत. लोक म्हणतात जुनी आहेत, बेकार आहेत. कुठलं खरंच बेकार आहे आणि कुठलं नुसतं बदनाम आहे, हे बघायला मला कधी वेळ झाला नाही." ह्यांनी मान हलवली. व्हॅन गेली.

अंगण एकदम मोकळं दिसायला लागलं. हे आत येऊन खुर्चीत बसले आणि डोळे मिटले. झाड पडलं, करवत गेली, आता उद्यापासून काय, असं मनात आलं. मी उगाच भाजी निवडत, आवाज करत, त्यांच्याकडे बघत राहिले.

"उद्या रविवार," ते डोळे न उघडता म्हणाले. "म्हणजे परवापासून."

"काय परवापासून?"

"गोरांगबाबूंकडे. दहा ते चार. डबा देशील ना? भरली वांगी कर, दाण्याचं कूट सढळ घालून. आणि पोळ्या चार दे, तीन नको. त्यांना एक लागेल."

"देईन," मी म्हटलं. संध्याकाळचे सहा वाजले होते आणि डबा परवा द्यायचा होता. मी शेंगदाणे भाजायला घेतले.